मेसेज शेवटच्या पाच मिनिटांत नसतो

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेले सिनेमांवरचे सगळे लेख वाचून काढले. उत्तराला उशीर झाला खरा, पण वाचताना मधेच थांबून त्यातले एकदोन सिनेमे परत बघत बसले म्हणून झाला, कंटाळा आला म्हणून नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी भाषा साफ आहे आणि तू मन लावून बघतोस हे दिसतंय. कौतुक इथेच संपवते. आता मुद्दा. तुझा प्रत्येक लेख फिरून फिरून एकाच वाक्यावर येऊन बसतो, 'या चित्रपटातून आपल्याला असा संदेश मिळतो की...' आणि पुढे काय, तर जातिभेद वाईट, युद्ध वाईट, पैशाचा मोह वाईट, गुन्ह्याचं फळ वाईट. अरे पण हे तुला सिनेमा बघायच्या आधीही माहीत होतंच की! मग त्या दोन तासांत नेमकं झालं काय? पडद्यावर जे घडलं ते तुझ्या लेखात जवळजवळ कुठेच नाहीये, कॅमेरा कुठे होता ते नाही, आवाज काय करत होता ते नाही, एखाद्या नटाचा चेहरा कसा दिसला तेही नाही, फक्त गोष्ट आणि खाली तात्पर्य. गोष्टीखाली तात्पर्य लिहायची सवय शाळेत लागते आणि ती लवकर सुटत नाही, त्यात तुझा एकट्याचा दोष नाही. पण सोडवायला हवी.

मला विचारशील तर सिनेमा काय म्हणतोय हे शेवट बघून किंवा हिरोचं भाषण ऐकून कळत नाही. तो आपल्याला काय दाखवतो, किती वेळ दाखवतो आणि कुणाच्या शेजारी उभं करून दाखवतो, ते बघावं लागतं. आणि कितीतरी सिनेमांत या दोन गोष्टींचं आपसातच जमत नाही, डायलॉग एक सांगत असतो आणि कॅमेऱ्याचा जीव भलतीकडेच अडकलेला असतो.

याचं अगदी उघडं उदाहरण म्हणजे हॉवर्ड हॉक्सचा १९३२ चा 'स्कारफेस' (अल पचिनोचा तो १९८३ चा, हा त्याच्या खूप आधीचा, पॉल म्युनीचा). गँगस्टरची गोष्ट, आणि सेन्सॉरवाल्यांना धास्ती की पोरं हे बघून गुंड व्हायला निघतील. मग काय काय केलं बघ, नावाच्या मागे 'देशाला लाज' अशा अर्थाचं उपशीर्षक लावलं, मधेच एक सीन घुसवला ज्यात वर्तमानपत्राचा मालक गुंडगिरीवर चक्क लेक्चर देतो, आणि एक वेगळा शेवटही शूट केला ज्यात त्या गँगस्टरवर खटला चालतो आणि त्याला फाशी होते. गंमत म्हणजे त्या शेवटात म्युनी नाहीच! गुन्हेगाराचा चेहरा न दाखवताच सगळं उरकलंय. आता यावर तू लिहिलं असतंस की गुन्ह्याचा शेवट वाईट होतो असा संदेश मिळतो, आणि ते चूक नाही म्हणता येणार, पण मग आधीच्या सव्वा तासाचं काय करायचं? तो सगळा वेळ कॅमेरा त्या माणसाच्या ऐटीवर खूश आहे, त्याचे नवेकोरे कपडे, हातात मशीनगन आल्यावर त्याला होणारा लहान पोरासारखा आनंद. बघणाऱ्याला थिएटरमधून बाहेर पडताना ते लेक्चर आठवतं की ती मशीनगन, तूच सांग.

पुढे १९३४ पासून हॉलिवूडमध्ये हेज कोड, म्हणजे सिनेमात काय दाखवायचं आणि काय नाही याची नियमावली, कडक लागू झाला, तसे नियम १९३० मध्येच लिहून झाले होते पण कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. गुन्ह्याबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही हे त्यात स्पष्ट होतं, त्यामुळे त्या काळातल्या सिनेमांत गुन्हेगार शेवटी मरतो नाहीतर पकडला जातो. १९६८ मध्ये तो कोड गेला आणि रेटिंग आलं. म्हणजे मधली कित्येक वर्षं शेवट कसा असावा हे बऱ्याच अंशी नियमांचं पुस्तक ठरवत होतं, दिग्दर्शक नव्हे. अशा शेवटाला सिनेमाचा संदेश म्हणायचं की परवानगीसाठी भरलेली फी?

युद्धावरच्या तुझ्या लेखालाही हेच लागू होतं. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९७३ च्या एका मुलाखतीत साधारण असं म्हटलं होतं की खरा युद्धविरोधी सिनेमा आपण पाहिलेलाच नाही, युद्धावरचा सिनेमा शेवटी युद्धाच्याच बाजूचा होऊन बसतो. मला हे शंभर टक्के पटत नाही, पण डोक्यातून जातही नाही, कारण स्फोट, धूर, रांगेत उडणारी विमानं हे सगळं मोठ्या पडद्यावर देखणंच दिसतं, वर ढोल-ताशांसारखं म्युझिक असेल तर विचारूच नकोस. तू ज्या सिनेमाला युद्धविरोधी म्हटलंयस तो परत लाव आणि कुठल्या सीनला तुझे हात शिवशिवले ते प्रामाणिकपणे लिही.

मग बघायचं कशाकडे, तर आधी कटकडे, म्हणजे एक शॉट दुसऱ्याला जोडतात त्या जागेकडे. कुलेशॉव्हचं नाव तू ऐकलं असशील, रशियातला दिग्दर्शक आणि शिक्षक, १९२० च्या आसपास त्याने एक प्रयोग केला. मोझ्झुखिन नावाच्या प्रसिद्ध नटाचा एक शॉट घेतला, चेहऱ्यावर काहीही भाव नसलेला, आणि तोच शॉट एकदा सूपच्या वाटीला जोडला, एकदा शवपेटीला, एकदा एका बाईला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली, वर अभिनयाची वाहवाही झाली म्हणे. ती मूळ फिल्म आज कुणाकडे नाही, आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः त्याचा विद्यार्थी पुडोव्हकिन याने नंतर लिहिलं त्यावरून, त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाल. पण मुद्दा खोटा नाही, कुठलाही एडिटर सांगेल. दोन शॉटच्या मधे जे नसतं ते आपण भरतो. म्हणजे तू ज्याला सिनेमाचा संदेश म्हणतोस त्यातला बराचसा भाग तूच आपल्या घरून आणलेला असतो, आणि तो नेमका कुठला भाग हे ओळखता आलं की विश्लेषण सुरू झालं समज.

आता 'फँड्री'. नागराज मंजुळेंच्या या सिनेमावर तू चार पानं लिहिलीयस आणि त्यातलं 'जातिव्यवस्थेवर प्रहार करणारा चित्रपट' हे वाक्य पोस्टरवर छान दिसेल, लेखात त्याचा उपयोग नाही. डुक्कर पकडायचा तो सगळा सीक्वेन्स परत बघ. सिनेमातला तो शाळकरी पोरगा जब्या आणि त्याच्या घरचे धावतायत, शाळेतली पोरं आणि गावातले लोक कडेला बसून मॅच बघावी तसे बघतायत, कमेंट मारतायत, फोटो काढतायत. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते कुटुंब आहे तिथे ताठ उभं राहतं. डुकराला कुठे राष्ट्रगीत कळतंय! इथे कुणी एक शब्द बोलत नाही, बोलायची गरजच नाही, आणि तुला हसावं की काय करावं ते कळत नाही. मग पकडलेलं डुक्कर बांबूला बांधून नेताना मागे शाळेची भिंत येते आणि भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं. कॅमेरा त्यांच्यावर झूम करत नाही, 'बघा बघा' म्हणत नाही, ओझं वाहणारी माणसं पुढून जातात आणि चित्रं मागे असतात इतकंच.

आणि मग जब्याने भिरकावलेला शेवटचा दगड. तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो, म्हणजे दगड प्रेक्षकाला मारलाय, हे तू लिहिलंयस आणि सगळेच लिहितात. पण तो आपल्याला लागतो कशामुळे हे तू विचारलंच नाहीस. त्या पाठलागात कॅमेरा आपल्याला कितीतरी वेळ त्या कडेला बसलेल्या लोकांच्यातच बसवतो आणि आपण थिएटरमध्ये थोडंफार हसलेलोही असतो, कारण ती धावपळ आहेच तशी. दगड येतो तो त्या हसण्यावर येतो. पाठलाग जर करुण म्युझिक लावून, जब्याच्याच बाजूने रडवेला दाखवला असता तर आपण पहिल्यापासूनच चांगली माणसं ठरलो असतो आणि दगड दुसऱ्या कुणाला तरी लागला असता. माझ्या मते सिनेमा जे म्हणतो ते इथे आहे, आपण हसलो या गोष्टीत, आणि 'जातिभेद वाईट' या वाक्यात ते मावत नाही.

तसंच 'सैराट'चा शेवट. ज्या सिनेमाचं म्युझिक अजय-अतुलने परदेशात जाऊन अख्ख्या सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केलं, ज्याच्या गाण्यांवर लोक थिएटरमध्ये नाचले, त्याच सिनेमात शेवटी सगळा आवाज काढून घेतलाय. आईबापांचे मृतदेह बघून ते लहान मूल बाहेर येतं आणि काहीही ऐकू येत नाही. तू लिहिलंस 'शेवट सुन्न करतो'. करतो, पण कशाने करतो ते लिही ना, अडीच तास कान भरून ठेवले म्हणून ती शांतता अंगावर येते.

बेकडेल टेस्ट तू दोनतीन ठिकाणी वापरलीयस, म्हणजे सिनेमात दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का आणि पुरुष सोडून कशाबद्दल बोलतात का. ॲलिसन बेकडेलच्या १९८५ च्या एका कॉमिक स्ट्रिपमधून ती आली, आणि एका वर्षाचे सगळे सिनेमे एकदम चाळायला ती भारी आहे. एका सिनेमाला पास-नापास करायला नाही. पास झालेला सिनेमाही बायकांकडे वाईट नजरेने बघत असू शकतो, त्यामुळे तेवढं काढून टाक.

दिग्दर्शकांच्या मुलाखतीही जरा बाजूला ठेव. 'दिग्दर्शकाला यातून असं सांगायचंय' हे तू फार खात्रीने लिहितोस. १९२० चा 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी' हा जर्मन मूकपट घे. आपण बघतो ती सगळी गोष्ट एका वेड्याने सांगितलेली निघते, आणि ही चौकट लेखकांच्या मनाविरुद्ध बाहेरून लादली गेली, त्यामुळे सत्तेविरुद्धची गोष्ट (त्यातला खुनशी डॉक्टर म्हणजे सत्ता) उलटी होऊन सत्तेच्या बाजूची झाली, असं झीगफ्रीड क्राकाउअर या जर्मन समीक्षकाने १९४७ च्या पुस्तकात मांडलं. कित्येक वर्षं लोकांनी ते जसंच्या तसं धरलं. मग मूळ पटकथा हाती लागली तर तिच्यातही एक चौकट होतीच, फक्त वेगळी. म्हणजे कुणाच्या मनात काय होतं यावर इमारत उभी केलीस की पाया कधी सरकेल सांगता येत नाही, पडद्यावर जे आहे ते कुठे जात नाही.

करायचं काय ते सांगते. पुढचा लेख अख्ख्या सिनेमावर नको, एका सीनवर लिही, तीनचार मिनिटांचा कुठलाही. आधी तो म्यूट करून बघ, मग डोळे मिटून नुसता ऐक, मग पॉज करत करत शॉट मोज आणि प्रत्येक शॉट कुणावर आहे ते नुसतं टिपून ठेव, काही अर्थबिर्थ लावू नकोस. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण कोण बोलतंय आणि कॅमेरा कुणावर आहे हे शेजारी शेजारी लिहिलं की काहीतरी सापडतंच. एखादा माणूस सगळ्यांत जास्त बोलतो पण बोलताना दिसतच नाही, किंवा एखादीला डायलॉग एकही नाही आणि तरी दर दोन शॉटनंतर कॅमेरा तिच्याकडेच जातोय. यादीत काहीच नाही सापडलं तर सीन बदल, सगळ्याच सीनमध्ये सोनं पुरलेलं नसतं आणि काही सिनेमे खरंच आळसाने शूट केलेले असतात, तेही लिहायला घाबरू नकोस.

आणि सुरुवात कुठून करायची तेही तूच लिहून ठेवलंयस. त्या घरगुती भांडणाच्या सिनेमावरच्या लेखात, तिसऱ्या पानावर, कंसात एक ओळ आहे, 'आई बोलते तेव्हा कॅमेरा ऐकणाऱ्यावर असतो'. कंसात! अरे अख्ख्या गठ्ठ्यातली ती सगळ्यात भारी ओळ आहे आणि तू ती कंसात टाकून पुढे 'कुटुंबसंस्थेचे महत्त्व' यावर दीड पान लिहिलंयस. तो कंस काढ. प्रत्येक वेळी असंच होतं का ते तपास, एखाद्या वेळी कॅमेरा आईवर थांबत असेल तर तो कधी आणि त्याच्या आधी काय झालं ते बघ, ऐकणारा दर वेळी मुलगाच असतो की कधी नवरा पण असतो, आणि मुलगी ऐकते तेव्हा काय होतं. तुझी थिअरी मोडली तर मोडू दे, मोडलेली थिअरीही लेखात घे, वाचायला तीच जास्त मजेदार असते. कुटुंबसंस्थेचं दीड पान मात्र सरळ डिलीट कर.

घाई नाहीये. पाठवशील तेव्हा सीन कुठल्या मिनिटापासून कुठल्या मिनिटापर्यंत आहे ते वर लिही, म्हणजे मी तो आधी माझा माझा बघून शॉट मोजून ठेवीन आणि मगच तुझं वाचीन. आपले आकडे जुळले नाहीत तर भांडू.

तुझी,
ताई