मेंदूतल्या यंत्राचा ताबा कुणाकडे?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

मेंदूत बसवायच्या यंत्रांवर संशोधन करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस की उद्या स्मरणशक्ती वाढवणारी, मन थाऱ्यावर ठेवणारी यंत्रं लोक सर्रास बसवून घ्यायला लागले, तर त्यांच्यातला ‘मी’ कोण उरेल? माझं सगळं आयुष्य कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून आंतरकर्णात बसवायचं यंत्र, केलेल्या मुलांबरोबर गेलं. त्यामुळे या प्रश्नासाठी मला फार पुढचं बघावं लागत नाही. माझ्यासमोरच्या खुर्चीवर तो रोज येऊन बसायचा.

1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी आपलं पहिलं बहुइलेक्ट्रोड इम्प्लांट बसवलं. आंतरकर्णाच्या शंखात इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात, कानामागे आवाज टिपणारा प्रोसेसर असतो आणि संकेत आत पोचवणारी त्याची कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. जखम भरली की ‘स्विच-ऑन’, आणि मग मॅपिंग. एकेका इलेक्ट्रोडला किती वीज दिली की आवाज जेमतेम लागतो आणि किती दिली की नकोसा होतो, हे पुन्हापुन्हा तपासत बसायचं. लहान मुलं पहिल्या आवाजाला बहुधा रडतात. मोठेपणी बहिरेपण आलेली माणसं रडत नाहीत, गोंधळतात. बायको बोलते ते कार्टूनमधल्या पात्रासारखं, पत्र्यावर आपटल्यासारखं ऐकू येतं. काही महिन्यांनी तीच माणसं सांगतात, “आता हिचा आवाज हिचाच वाटतो.” मॅपमध्ये आम्ही थोडेफार बदल केलेले असतात, पण खरं काम त्या माणसाच्या मेंदूने केलेलं असतं. परकी वीज त्याने आपली करून घेतलेली असते.

माझ्याकडे एक मुलगी यायची, कॉलेजात जाणारी. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशा असह्य झाला की ती कॉइल काढून सरळ खिशात टाकायची आणि मैत्रिणींशी खुणांनी बोलायची. “मी बहिरी आहे, आणि मला ऐकू येतं,” असं ती कुणालाही सांगायची. आईला ते आवडायचं नाही. एवढी शस्त्रक्रिया केली आणि ही अजून स्वतःला बहिरी म्हणवते! मला मात्र तिचं वाक्य तंतोतंत बरोबर वाटतं. दोन्ही गोष्टी तिच्या होत्या, आणि कधी कुठली पुढे ठेवायची हे तिच्या हातात होतं. तो हात महत्त्वाचा. मला तुला जे सांगायचं आहे ते सगळं त्यापाशी येतं.

लहानपणी ऐकलेलं वेताळाचं कोडं आठव. दोन पुरुषांची मुंडकी अदलाबदल होऊन जोडली गेली, आता नवरा कोणता? विक्रमाने उत्तर दिलं, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. आपल्यालाही ते पटतं. पण तू तर डोक्यातच हात घालणार आहेस, त्यामुळे विक्रमाचं उत्तर तुझ्या कामाचं नाही.

नेदरलँड्समधली एक केस तुझ्या विषयात तुला भेटेलच. साठी ओलांडलेला पार्किन्सनचा रुग्ण, मेंदूत खोलवर उत्तेजन देणारा इलेक्ट्रोड बसवलेला. यंत्र चालू असलं की हालचाल सुधारायची, पण माणूस उन्मादात जायचा, बेफाम खर्च करायचा. बंद केलं की मन ताळ्यावर, शरीर मात्र अंथरुणाला खिळलेलं. मधला पर्याय सापडेना. निर्णय त्यानेच घ्यायचा, पण कोणत्या ‘त्याने’? डॉक्टरांनी यंत्र बंद असताना विचारलं, कारण त्याच अवस्थेत तो निर्णयक्षम होता. त्याने यंत्र चालू ठेवणं निवडलं आणि मनोरुग्णालयात राहणं स्वीकारलं. या केसवर तावातावाने वाद होतात, दोघांपैकी खरा कोण म्हणून. मी वाचते तेव्हा मला दिसतं की त्याला विचारलं गेलं, आणि त्याने सांगितलं तसं झालं. दोन्ही अवस्थांचा धनी तोच राहिला.

आता याच्या उलट घडलेलं ऐक. मेलबर्नलाच अपस्माराच्या 15 रुग्णांवर एका यंत्राची चाचणी झाली. झटका येण्याची शक्यता किती, हे हातातल्या उपकरणावरचे लाल, पांढरे, निळे दिवे सांगायचे. लहानपणापासून झटके सोसलेली एक बाई त्या यंत्राशी इतकी एकरूप झाली की त्यामुळे मी स्वतःला सापडले, असं ती सांगायची. पुढे कंपनीकडचे पैसे संपले आणि यंत्रं काढून घ्यायचं ठरलं. तिने नकार दिला. नवरा-बायकोने घर गहाण टाकून यंत्र विकत घ्यायची तयारी दाखवली. काही उपयोग झाला नाही, सगळ्यांत शेवटी का होईना तिचंही यंत्र काढलं. ज्याला ती ‘मी’ म्हणत होती त्याचा एक भाग कंपनीच्या मालमत्तेत मोडत होता.

यंत्र आत आल्यामुळे ‘मी’ हरवतो, असं मला कधी दिसलं नाही. तो हरवताना दिसला तो यंत्राचा ताबा दुसऱ्याकडे असताना. आपल्याकडेही हे रोज घडतं, गाजावाजा न होता. सरकारी योजनेतून मुलाला इम्प्लांट मोफत मिळतं, काही वर्षांनी ते मॉडेल बंद होतं, सुटे भाग मिळेनासे होतात आणि नव्या प्रोसेसरची किंमत लाखांत असते. मधले महिने ते मूल वर्गात नुसतं बसून राहतं. याचा मला अजूनही संताप येतो.

मेंदूतलं वाचून घेण्याचा ताबाही त्यातच आला. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात, आरोपीला गुन्ह्याची आठवण आहे का हे मेंदूच्या लहरींवरून सांगू पाहणाऱ्या चाचणीचा निष्कर्ष पुरावा म्हणून धरला होता. 2010 मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. तो निकाल मुळातून वाच. चिलीने 2021 मध्ये मेंदूतल्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला माजी सिनेटरची साठवलेली माहिती पुसायला लावली. तिथवरही आपण अजून पोचलेलो नाही.

तेव्हा प्रयोगशाळेत रुजू झालीस की पहिल्याच आठवड्यात रुग्णाचं संमतीपत्र मागून घे. चाचणी संपल्यावर यंत्र कुणाचं, ते बंद करायचं बटण रुग्णाच्या हातात आहे का, कंपनी बुडाली तर सुटे भाग आणि सॉफ्टवेअर कोण देणार, हे त्यात कुठे लिहिलंय ते शोध. नसेल तर लिहून घ्यायला लाव. नवीन आहेस म्हणून गप्प बसू नकोस. आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव.

तुझी,
मॅडम