ब्रिटनच्या संसदेत बिशप बसतात, ते तिथे नेमकं करतात काय?

हो, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, चर्च ऑफ इंग्लंड या इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या 26 बिशपांसाठी जागा राखीव आहेत. कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप, शिवाय लंडन, डरहॅम आणि विंचेस्टरचे बिशप पदामुळेच येतात. इतरांना साधारण ज्येष्ठतेनुसार जागा मिळते. 2015 च्या कायद्याने महिला बिशपांना काही वर्षं प्राधान्य दिलं.

सभागृहाचं कामकाज बिशपांच्या प्रार्थनेने सुरू होतं. पण ते तेवढ्यापुरते नसतात. कायद्यांवर बोलतात, दुरुस्त्या मांडतात, मतदान करतात, आणि त्यांना पक्षाचा व्हिप नसतो. जानेवारी 2012 मध्ये सरकार एका कुटुंबाच्या सरकारी मदतीवर वर्षाला 26,000 पौंडांची मर्यादा आणत होतं. रिपन आणि लीड्सचे बिशप जॉन पॅकर यांनी दुरुस्ती आणली: मुलांसाठीचा भत्ता यात धरू नका. लॉर्ड्समध्ये ती 252 विरुद्ध 237 मतांनी मंजूर झाली. कनिष्ठ सभागृहाने ती फेटाळली, तरी गरीब घरातल्या मुलांचा प्रश्न देशभर गाजला. माझ्या मते हेच त्यांचं खरं काम.

तरीही एकाच चर्चला राखीव जागा असणं मला पटत नाही. चर्च ऑफ स्कॉटलंडला अशी एकही जागा नाही. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे इतर ख्रिस्ती पंथांची मंडळी खासदारांना भेटून, समित्यांना निवेदनं देऊन आणि आपल्या सभासदांना पत्रं लिहायला सांगूनच आपलं म्हणणं पोचवतात.