किमेरा मासा खरंच ४० कोटी वर्षांत बदलला नाही का?

तुम्ही विचारलंय की किमेरा ऊर्फ घोस्ट शार्क हा खोल समुद्रातला मासा ‘जिवंत जीवाश्म’ आहे, ४० कोटी वर्षांत तो बदललाच नाही, असं एका व्हिडिओत ऐकलं. शिवाय त्याच्या कपाळावर दात असतात म्हणे. यातलं खरं किती?

कपाळावरचे दात खरे आहेत. न बदलल्याची गोष्ट मात्र बरीचशी ऐकीव, आणि ती खोडून काढायला हेच दात कामी येतात.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. किमेरा आमच्या अभ्यासक्रमात एका परिच्छेदापुरता होता, मीही तो तेवढ्यातच उरकायचो. प्रत्यक्ष पाहिला तो कोचीच्या मासळी बंदरावर, भल्या पहाटे. खोल पाण्यातल्या मुशींच्या, म्हणजे शार्कांच्या, ढिगात एक लांब नाकाचं, तपकिरी, विचित्र ध्यान पडलेलं होतं. निओहॅरिओटा पिन्नाटा, अरबी समुद्रात मिळणारा लांबनाक्या किमेरा. नाक बोटाने दाबलं तर रबरासारखं वाकलं. मुशीच्या कातडीवर उलटा हात फिरवला की पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं लागतं. याचं कातडं मात्र गुळगुळीत, खवलं म्हणून नाही. मुशीला कल्ल्यांच्या पाच-पाच फटी असतात, याला दोन्ही बाजूंना एकेकच, तीही कातडीच्या झडपेखाली. पाठीवरच्या पहिल्या पराशी हात नेला तेव्हा शेजारच्या माणसाने मनगट धरून मागे ओढला. बरं केलं त्याने. किमेरांच्या त्या पराच्या पुढे एक उभा काटा असतो आणि त्याला विष असतं. मोबाईलवर तीन फोटो काढले आणि चहा प्यायला गेलो.

आता नातं. मुशी, पाकट (चपटे रे मासे) आणि किमेरा हे सगळे कूर्चेच्या सांगाड्याचे मासे, हाड कुणालाच नाही. पण किमेरांची वाट मुशी-पाकटांपासून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी फुटली. त्यामुळे ‘घोस्ट शार्क’ हे नाव ऐकायला झकास असलं तरी तो शार्क नव्हे. मुशीचा वरचा जबडा कवटीला टांगलेला असतो, चावताना तो पुढे येतो. किमेराचा वरचा जबडा कवटीशी एकजीव झालेला, म्हणून या गटाचं शास्त्रीय नाव होलोसेफाली, म्हणजे ‘अखंड डोक्याचे’. मुशीचे दात आयुष्यभर पडतात आणि नवे येतात. किमेराच्या तोंडात दातांच्या फक्त तीन जोड्या पट्ट्या असतात, दोन वर, एक खाली. त्या झिजतात तशा वाढत राहतात आणि शिंपले-खेकडे फोडतात. आणखी एक, जे ऐकून विद्यार्थी हमखास हसायचे: याला जठर नसतं. घशातून थेट आतड्यात. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर बनवणारी जनुकंच या वंशात हरवली आहेत.

सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये याचं नाव ठेवलं किमेरा मॉन्स्ट्रोसा. किमेरा म्हणजे ग्रीक पुराणातला सिंह, बकरी आणि साप यांची भेसळ असलेला राक्षस. आपल्याकडे कुणी नाव ठेवलं असतं तर शरभ ठेवलं असतं. जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्ती पकडून बसलेला शरभ ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

‘बदललाच नाही’ हे कुठून आलं? मला वाटतं, २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या एका कामातून. सिंगापूरचे बायरप्पा वेंकटेश आणि सहकाऱ्यांनी कॅलोरिंकस मिलाय या किमेराचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला. सोंडेसारख्या नाकामुळे त्याला एलिफंट शार्क म्हणतात. जीनोम लहान, माणसाच्या साधारण एक तृतीयांश, म्हणून हा मासा निवडला होता. त्यात दिसलं की याची जनुकं इतर कुठल्याही ज्ञात पृष्ठवंशीयापेक्षा हळू बदलली आहेत, ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून गाजलेल्या सीलाकँथ माशापेक्षाही हळू. हाडं का नाहीत याचंही उत्तर तिथे मिळालं: हाडात कॅल्शियम बसवायला लागणाऱ्या जनुकांचं एक आख्खं कुटुंबच याच्याकडे नाही. उत्तम काम आहे. पण ‘डीएनएची अक्षरं हळू बदलली’ आणि ‘मासा बदलला नाही’ ही दोन वाक्यं एक नव्हेत. आणि हा एलिफंट शार्क खोल समुद्रातला नव्हेच. तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ राहतो, उथळ उपसागरांत येऊन अंडी घालतो आणि न्यूझीलंडमध्ये लोक त्याला चिप्सबरोबर खातात.

शरीर किती बदललं ते जीवाश्मांना विचारावं लागतं, आणि इथे अडचण अशी की कूर्चा कुजून जाते. बहुतेक वेळा हाती लागतात नुसत्या दंतपट्ट्या. आख्खं शरीर मिळणं म्हणजे लॉटरी. अशी एक लॉटरी अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बेअर गल्च या चुनखडीत लागली. साधारण ३२ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार उपसागर होता आणि किमेरांच्या गोतावळ्याने तो भरलेला होता. त्यातला फाल्केटस वीतभर लांबीचा. नराच्या मानेतून निघालेला काटा डोक्यावरून पुढे वाकलेला. एका दगडात नर-मादी दोघं एकत्र सापडलीत आणि मादीच्या तोंडात नराचा तो काटा आहे.

मग हेलिकोप्रिऑन हा दुसरा जीवाश्म मासा. याचे दात चकलीसारख्या गुंडाळीत बसलेले. रशियाच्या कार्पिन्स्कीने १८९९ मध्ये त्याचं वर्णन केलं, पण ही चकली माशाच्या अंगावर नक्की कुठे बसवायची यावर शंभरेक वर्षं वाद चालला. कुणी नाकावर काढली, कुणी शेपटीवर, कुणी पाठीच्या परावर. २०१३ मध्ये आयडाहोतल्या एका नमुन्याचं सीटी स्कॅन झालं आणि ती खालच्या जबड्यात, मधोमध बसली. तोपर्यंत बरेच जण त्याला शार्क म्हणत होते. जबड्यांच्या सांध्यावरून तो किमेरांच्या बाजूचा निघाला.

माझा सगळ्यात आवडता किस्सा दक्षिण आफ्रिकेतला. रॉय ऊस्टहाऊझेन नावाच्या जीवाश्मप्रेमी शेतकऱ्याला १९८० च्या दशकात कारू भागात एक दगडाचा गोळा मिळाला. आत कवटी होती, २८ कोटी वर्षांपूर्वीची, न चेपलेली. १९८६ मध्ये त्याचं बारसं झालं: ड्वायकासेलेकस ऊस्टहाऊझेनाय. बाहेरून पाहता तो फाल्केटसच्या गटातला साधा शार्क वाटत होता आणि तसाच तो कित्येक वर्षं पडून राहिला. शिकागो विद्यापीठाच्या मायकेल कोट्स यांच्या गटाने त्याचं सीटी स्कॅन केलं आणि २०१७ मध्ये निष्कर्ष छापला. मोठ्या डोळ्यांच्या खोबण्या, मेंदूच्या पोकळीचा आकार, आतल्या कानाची घडण, सगळं किमेराचं! म्हणजे फाल्केटससकट तो आख्खा ‘शार्कांचा’ गट किमेरांच्या घरात आला. माणसाचं आडनाव एक आणि नाकडोळे दुसऱ्याच घराण्याचे, तसं झालं.

तेव्हा चित्र असं दिसतं. हा एके काळी उथळ समुद्रातला भरला वाडा होता. पर्मियन काळाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत, त्यातल्या बहुतेक खोल्या रिकाम्या झाल्या. आज तीन कुळं आणि पन्नासच्या वर काही जाती उरल्यात, बहुसंख्य खोल पाण्यात. या उरलेल्यांचा सामाईक पूर्वजही डायनासोरांच्या काळातला. म्हणजे वंश ४० कोटी वर्षांचा, पण आजचं बिऱ्हाड त्या मानाने बरंच अलीकडचं.

आता कपाळ. नर किमेराच्या दोन डोळ्यांच्या मधे एक छोटी, घडी होणारी दांडी असते. तिला टेनॅक्युलम म्हणतात. टोकाला आकडेदार काट्यांच्या ओळी. पाण्यात हात नसताना मादीला धरून ठेवायचं कसं, तर नर या दांडीने तिचा छातीजवळचा पर पकडतो. हे काटे म्हणजे मुशीच्या अंगावरच्या खरखरीत खवल्यांचाच प्रकार असणार, असं मीही वर्गात सांगितलंय. २०२५ मध्ये कार्ली कोहेन, गॅरेथ फ्रेझर आणि पुन्हा तेच कोट्स यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या स्पॉटेड रॅटफिशवर काम करून दाखवलं की ते खरे दात आहेत. दात जिथून उगवतात तो पेशींचा पट्टा, डेंटल लॅमिना, तो जबड्यातच असतो असं आजवर धरलं होतं. इथे तो कपाळावर सापडला. सोबत त्यांनी किमेरांचा ३१.५ कोटी वर्षांपूर्वीचा नातलग हेलोडस याचा जीवाश्म ठेवला. त्याची दांडी वरच्या जबड्याच्या अगदी लगत आहे, आणि तिच्यावरही तोंडातल्यासारखेच दात आहेत. म्हणजे तोंडातला कारखाना हळूहळू वर सरकून कपाळावर गेला. ‘न बदललेल्या’ माशाने केलेला हा उद्योग!

नव्या जाती अजून निघताहेत. कॅलिफोर्नियाजवळच्या काळ्या किमेराला २००९ मध्ये नाव मिळालं, पण त्याचे नमुने १९६० च्या दशकापासून संग्रहात पडून होते. थायलंडच्या बाजूच्या अंदमान समुद्रातला किमेरा सुपापाय २०२४ मध्ये जाहीर झाला. सुमारे ७७० मीटर खोलीवर मिळालेला, हिरव्या चमकदार डोळ्यांचा, अर्ध्या मीटरचा अल्पवयीन नर.

कोचीतला माझा किमेरा नर होता की मादी, हे एका विद्यार्थिनीने मला परवा विचारलं. फोटो काढून पाहिले. एकात नाक आहे, एकात काटा आहे, एकात शेपूट आणि माझी चप्पल. कपाळ एकातही नाही.