प्रश्न तुमचे: एवढं जुनं जग्वार अजून मका कापतंय ते कसं?

प्रश्न: नमस्कार. ऑक्टोबरात लेकीकडे जर्मनीला गेले होते, म्युन्स्टरजवळ. शेजारच्या गोठेवाल्याकडे मुरघासाची (म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवायच्या हिरव्या चाऱ्याची) मका कापणारं एक हिरवं धूड होतं, वर जग्वार 690 लिहिलेलं, रंग उडालेला, सीटवर फाटकी सतरंजी, पण ट्रॉली बघता बघता भरत होती. माणूस पैसेवाला, मग नवं का घेत नाही? आणि असलं जुनं आणलं तर आमच्या बारा म्हशींना जमेल का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, ते 600 मालिकेतलं, 1980 च्या दशकात आलेलं. ते बनवणाऱ्या क्लास कंपनीचा कारखाना तिथून जवळच, हार्झेविंकलला. या घराण्यातलं पहिलं 60 एसएफ 1973 चं, 120 हॉर्सपॉवरचं, आणि आजचं 990 नऊशेच्या वर जातं. एसएफ म्हणजे सेल्बस्टफारर, ट्रॅक्टरशिवाय आपलं आपण चालणारं.

आता नवं का नाही, तर काम वर्षातून मोजके दिवस आणि मका मात्र सगळ्यांची एकदमच तयार होते, मक्याच्या ताटात (उभ्या धाटात) कोरडा भाग 30 ते 35 टक्के असतानाच कापायची, तेव्हा भाड्याच्या मशीनची वाट बघत बसलं आणि ताटं वाळली की कुट्टी खड्ड्यात दबत नाही, आत हवा राहते, बुरशी धरते. पैसे फिटलेलं मशीन दारात असलं की आपल्या दिवशी कापता येतं, एवढाच हिशोब, प्रेमबिम नंतर.

आणि जुनं म्हणजे बोथट असं नाही हो. आत ड्रमवर पाती असतात, समोर एक स्थिर पट्टी, दोघांच्या मधून ताट कापलं जातं. मशीनमधलाच दगड फिरत्या ड्रमवरून इकडून तिकडे सरकवून धार लावतात, मग पट्टी पात्यांच्या अगदी जवळ आणतात, लागू न देता. हे टाळलं की ताट कापायच्या ऐवजी फाटतं, झिपऱ्या निघतात आणि डिझेल जास्त जातं. आपल्या कडबा कुट्टीचं तरी वेगळं काय आहे!

एक खोट मात्र आहे. दाणे चिरडणारे रोलर जुन्या बऱ्याच मशीनवर नसतात, मग पक्का दाणा अख्खाच शेणात दिसतो.

बारा म्हशींसाठी आणू नका, माझं सरळ मत. एका वेळी चार-सहा ओळी घेणारं ते तोंड तुमच्या बांधावरून वळणार कसं, आणि पट्टा तुटला तर ऐन हंगामात पार्ट आणायचा कुठून? ट्रॅक्टरवरचं कुट्टी मशीन भाड्याने घ्या, त्या पैशात खड्डा पक्का बांधा. आणि कुठलंही मशीन असो, बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ गरगरत असतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकणाला हात लावू देऊ नका, पोरांना तर अजिबात नाही.