पगार वाढवूनही माणसे का टिकत नाहीत?

आपला प्रश्न मला असा समजला: भोसरीत आपला २२ माणसांचा मशिनिंगचा कारखाना आहे. गेल्या वर्षी आपण पगारवाढ दिली, ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ असा फलक लावला, दिवाळीला भेटवस्तू दिल्या, तरीही दीड वर्षात ७ जण सोडून गेले आणि उरलेल्यांतही उत्साह दिसत नाही. याच औद्योगिक पट्ट्यात मी १८ वर्षे काम केले असून त्यांतली ११ वर्षे सुपरवायझर म्हणून काढली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, की आणखी काही देण्याआधी आपल्या माणसांचा उत्साह रोज नेमका कुठे आटतो, ते शोधा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० इंजिनिअर व अकाउंटंट यांच्या मुलाखती घेऊन १९५९ मध्ये एक निष्कर्ष मांडला होता. पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो जीव ओतून काम करू लागतोच असे नाही. त्यासाठी हातून काही चांगले घडल्याचे समाधान, त्याची दखल, जबाबदारी आणि पुढे जाण्याची वाट लागते. या मांडणीवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, तरी आपण पगारवाढ देऊनही जे अनुभवत आहात, ते समजून घ्यायला ती मला आजही उपयोगी वाटते.

पगाराबाबत एकच विचारतो. तो कोणत्या तारखेला होतो? हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत पगार व्हावा, असे १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यानेच सांगितले होते. खोलीचे भाडे आणि मोटारसायकलचा हप्ता ठरल्या दिवशी द्यावाच लागतो, आणि पगार कधी ६ तारखेला, कधी १२ तारखेला झाला तर दोन हजारांची वाढ त्या ताणातच विरून जाते. ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आणि चोख हिशेबाने द्या.

सुट्टीचेही तसेच आहे. आपल्याकडे गुरुवारी सुट्टी असते, आणि लातूर-नांदेडकडची मुले बुधवारी रात्रीच्या गाडीने गावी जायचे महिनाभर आधी ठरवतात. बुधवारी संध्याकाळी ५ वाजता ‘उद्या डिस्पॅच आहे, यावे लागेल’ असे सांगितले की काढलेले तिकीट वाया जाते, आणि ती गोष्ट माणूस वर्षभर विसरत नाही. गरज खरी असेल तर सोमवारी सांगा, आणि बदली सुट्टी कोणत्या दिवशी मिळेल तेही त्याच वेळी लिहून द्या.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो. एका कारखान्यात आमच्याकडे ३० मिलिमीटर बोअरचे, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या भोकाचे, एक काम होते, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रात्रपाळीत इन्सर्ट (कापणारे पाते) बदलल्यावर ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये भरायचे हत्याराचे माप, चुकीचा पडला आणि भोक तपासायच्या प्लग गेजची जी बाजू आत जाताच कामा नये, ती नो-गो बाजू सहज आत जाऊ लागली, म्हणजे भोक मोठे होत होते. ऑपरेटरच्या ते लक्षात आले, त्याने ऑफसेट दुरुस्तही केला, पण तोवर झालेले १४ नग त्याने चांगल्या मालात मिसळून टाकले. ग्राहकाने पूर्ण लॉट परत पाठवला. मी त्याला बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, मागच्या महिन्यात तुम्ही दादांना सगळ्यांसमोर जे बोललात, ते मी ऐकलं होतं. माझी हिंमत झाली नाही.” त्या १४ नगांचे मूळ माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यात होते, हे मला मान्य करावे लागले.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मशीनशेजारी लाल ट्रे ठेवला. त्यात नग टाकणाऱ्याला ‘कोणी केले’ असे विचारायचे नाही, ‘कधी लक्षात आले आणि तेव्हा काय बदलले होते’ एवढेच विचारायचे, असे ठरवले. पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा, म्हणजे बाद झालेल्या नगांचा, आकडा वाढला आणि मालक अस्वस्थ झाले, पण आधी लपवले जाणारे नग आता फक्त दिसू लागले होते. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात रुग्णालयांचा अभ्यास करताना असेच आढळले होते: ज्या तुकड्या एकजुटीने उत्तम काम करत होत्या, त्यांच्याच नोंदींत चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. ऑपरेटर तोंड उघडू लागले तसे उपायही त्यांच्याकडूनच आले. फिक्स्चरला (नग घट्ट धरणाऱ्या साच्याला) एक स्टॉपर, म्हणजे अडसर, लावण्याची सूचना त्याच रात्रपाळीच्या मुलाने केली, आणि आम्ही कामाच्या सूचनापत्रावर त्या बदलाखाली त्याचे नाव छापले. ते पत्र त्याने मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवले होते.

म्हणूनच आपला ‘उत्कृष्ट कामगार’ फलक उतरवावा असे मी स्पष्टच सुचवतो. त्यावर एकाचे नाव लागते तेव्हा २१ जणांची लागत नाहीत, आणि रात्रपाळीचा माणूस तर निवड करणाऱ्याच्या नजरेसही पडत नाही. त्यापेक्षा खंडेनवमीला ज्याचे मशीन त्याच्याच हातून पूजा करवा, घरच्यांना बोलवा, आणि तो कोणता नग बनवतो आणि तो नग कोणत्या गाडीत बसवला जातो, हे त्याच्या मुलांना त्यालाच दाखवू द्या. वडील जे करतात ते पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत.

आपल्याकडे महिला कर्मचारी असतील तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे, अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमा. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे ती बंधनकारक आहे.

सुरुवात मात्र सोडून गेलेल्या त्या ७ जणांपासून करा. त्यांपैकी दोघा-तिघांना येत्या गुरुवारी स्वतः फोन करा, परत या असे म्हणू नका, आणि एवढेच विचारा, की नोकरी सोडायचे मनात पहिल्यांदा आले त्या दिवशी काय घडले होते. ते सांगत असताना खुलासा देऊ नका. वहीत उतरवून घ्या आणि त्यातली सर्वांत सोपी गोष्ट त्याच आठवड्यात बदला.