फेब्रुवारीतली हीट सोडा, ऑगस्टची धरा
वाचकांचे प्रश्न : घरी वाढवलेले गोल्डन रिट्रीवर

प्रश्न : आमची गोल्डन मादी सव्वादोन वर्षांची आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हीटवर (माजावर) आली. शेजारच्या गावात देखणा नर आहे. लावून घ्यावी का? (आर्वी तालुका)

या खेपेला नको. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. आता लावली तर एप्रिलच्या उत्तरार्धात व्याईल आणि सात-आठ पिल्लं अंगावर पाजायचे दिवस नेमके आपल्या विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात येतील. ही स्कॉटलंडच्या थंड मुलखातली जात, अंगावर केसांचे दोन थर. एवढ्या उन्हात पाजणारी मादी धापा टाकते, खाणं सोडते, दूध आटतं. कूलर लावला की दुसरंच संकट उभं राहतं. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, त्यामुळे कूलरच्या ओल्या झोतात ती गारठतात. एकाच खोलीत आई उकाड्यानं हैराण आणि पिल्लं थंडीनं. त्यातून निभावलंच, तर लसीकरणाचे दिवस पावसाळ्यात येतात. तेव्हा गोचीडही भरपूर आणि पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाची) भीतीही.

पुढची हीट सहा ते आठ महिन्यांनी, म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास येईल. तेव्हा लावली तर पिल्लं दिवाळीच्या आगेमागे होतात. विदर्भासाठी हाच हंगाम योग्य.

तोवर तपासण्या करून घ्या. मागच्या पायांच्या खुब्याचा आणि पुढच्या पायांच्या कोपराचा एक्स-रे दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच भरवशाचा असतो. तुमची मादी त्या वयाची आहे. खुब्याचा एक्स-रे गुंगी देऊन, ठरलेल्या स्थितीत निजवून काढावा लागतो. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था यांच्याकडे चौकशी करा. हृदयात गुणगुण ऐकू आली तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. डोळे दाखवा. ब्रुसेला या जंतूची आणि गोचीडतापाची रक्ततपासणी दोघांचीही हवी. ब्रुसेलानं गर्भ दीड-दोन महिन्यांवर पडतात आणि तो माणसालाही लागतो. नराचे कागद मागून आजा-आजीपर्यंतची नावं ताडून पाहा. आसपासच्या गावांतले गोल्डन पुष्कळदा एकाच विक्रेत्याकडचे असतात, म्हणजे भाऊ-बहीणही निघू शकतात. नर देखणा आहे, एवढ्यावर भागत नाही.

हीटचे एकवीस दिवस तिला दाराआड ठेवा. गावातले नर कुंपणाच्या जाळीतूनही लागतात. हीट थांबवायचं इंजेक्शन मात्र देऊ नका, त्यानं गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो. इंजेक्शन न देताही पुढचे दोन महिने लक्ष असू द्या. मादी फार पाणी पिऊ लागली, सुस्तावली किंवा घाण स्राव दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : नवव्या दिवशी लावली, ठरली नाही. नर बदलावा का? (वरुड)

आधी दिवस बदला. रक्त दिसल्यापासून नववा दिवस बऱ्याच माद्यांना लवकर पडतो. बहुतेकींचा योग्य काळ दहाव्या ते चौदाव्या दिवसात येतो. काही सातव्याला तयार होतात, काही अठराव्याला. सहाव्या-सातव्या दिवसापासून दोन-तीन दिवसांआड रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) मोजून घ्या. ते मिलिलिटरला ५ नॅनोग्रॅमच्या आसपास पोहोचलं की बीज सुटलं असं धरायचं आणि त्यानंतर दोन दिवसांनी लावायची.

प्रश्न : विण्याची तयारी काय करावी? (दर्यापूर तालुका)

चार फूट लांब, चार फूट रुंद प्लायवुडची पेटी करा, कडा दीड फुटाच्या. आतून चारही बाजूंनी, जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर पाइप बसवा. आई टेकून बसली की पिल्लू भिंतीशी चिरडतं. पाइपामुळे त्याला जागा राहते. खाली धुतलेली सुती लुगडी घाला. कुटार नको, त्याची धूळ नाकात जाते आणि गोचीडही येते.

लावल्यापासून ५८व्या दिवसापासून गुदद्वारातलं तापमान दिवसातून तीनदा घ्या. ते ९९ फॅरनहाइटखाली उतरलं की बहुधा २४ तासांत व्यायला सुरुवात होते. तेवढ्या वेळात काहीच झालं नाही, अर्धा तास जोरानं कळा देऊनही पिल्लू आलं नाही, पोटात पिल्लं असताना दोन तास खंड पडला, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव आला, तर वाट पाहू नका. गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

पेटीच्या एका कोपऱ्यावर बल्ब टांगून तेवढा कोपरा ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. बाकीची पेटी गार राहू द्या, म्हणजे उकडलं तर पिल्लू सरकतं. डिसेंबरच्या रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. गार पडलेल्या पिल्लाला लगेच दूध पाजू नका! त्याचं पोट चालत नसतं, दूध आत कुजतं किंवा फुफ्फुसात जातं. आधी हळूहळू ऊब, मग दूध. या चुकीनं वाचण्यासारखी पिल्लं जातात.

रोज ठरल्या वेळी डिजिटल काट्यावर वजन करा. जन्मताना साधारण ४०० ग्रॅम भरतं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तर चालेल. नंतर रोज वाढलंच पाहिजे आणि दहाव्या दिवसापर्यंत दुप्पट व्हायला हवं. वजन थांबलेलं पिल्लू रडण्याआधी काट्यावर कळतं.

प्रश्न : गाभण मादीला कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्या का? (उमरेड)

डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय नाही. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं काढायची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि दूध जोरात असताना रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. मादी थरथरते, पाय ताठरतात, ताप चढतो. अशा वेळी पिल्लं आईपासून वेगळी करा आणि तासाभरात दवाखाना गाठा. शिरेतून कॅल्शियम डॉक्टरच देतील, हृदयाचे ठोके ऐकत, हळूहळू. भाकरी-वरणावर पाजणारी मादी टिकत नाही. शेवटचे तीन आठवडे आणि पाजतानाही पिल्लांचंच खाद्य द्या. पाजताना ते नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं.

प्रश्न : घेणारे चाळिसाव्या दिवशीच मागतात. द्यावं का? (तुमसर)

नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. विक्रीसाठी पिल्लं काढायची तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी किमान दीड वर्षाची असावी लागते आणि बारा महिन्यांत एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. चावू किती जोरात, हे पिल्लू याच आठवड्यांत भावंडांत शिकतं. दोन, चार, सहा, आठ आठवड्यांना जंताचं औषध आणि पहिली लस होऊ द्या. घेणाऱ्याला विचारा, मे महिन्यात दुपारी कुत्रा कुठे बांधाल? ‘टिनाखाली’ असं उत्तर आलं तर पिल्लू देऊ नका. आणि पुढे कुणाला सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुमच्याकडेच परत येईल, हे लिहून घ्या.

प्रश्न : उन्हाळ्यात केस भादरावे का? (पुसद)

नाही. पोटाखालचे थोडे कमी करा, आतली लव रोज विंचरून काढा, वरचे केस राहू द्या. तेच ऊन अडवतात.