लेकीची उंची, एक जनुक आणि कर्करोगाची धास्ती

प्रश्न : माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. जन्मल्यावर हातपाय आखूड वाटले म्हणून एक्स-रे काढले, मग जनुकतपासणीत अकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हातपाय आखूड राहून उंची खुंटवणारा जन्मजात विकार, निघाला. रिपोर्टमध्ये ‘एफजीएफआर३’ या जनुकात बदल असल्याचं लिहिलंय. मिस्टरांनी मोबाइलवर शोधलं, तर हाच जनुक मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही बिघडलेला असतो म्हणे. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. तिला पुढे कॅन्सर होईल का? सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे फळ. दुसऱ्या मुलाचा विचार करावा की नको?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, कॅन्सरचं आधी सांगते. अकॉन्ड्रोप्लेझिया असलेल्यांना कर्करोग इतरांपेक्षा जास्त होतो, असं आढळलेलं नाही. मूत्राशयाचाही नाही. ही धास्ती आजच मनातून काढा.

आता ग्रहण. तुमच्या लेकीच्या जनुकातला बदल गर्भ राहण्याच्या आधीचा आहे. विळी, भाजी, चंद्र, सूर्य यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. अकॉन्ड्रोप्लेझियाच्या दहांतल्या आठ मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात आणि अशा मुलांत हा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्राणूत नव्याने झालेला असतो. सासूबाईंना हे मोठ्याने वाचून दाखवा. पण मग स्वतःच्या मुलाला बोल लावू नका, हेही त्यांना सांगा. असे शुक्राणू थोड्याफार प्रमाणात सगळ्याच पुरुषांत तयार होतात, वयाबरोबर वाढतात, आणि ते कुणाच्या हातात नसतं. तुम्हा दोघांची उंची सर्वसाधारण असेल, तर पुढच्या मुलात हे पुन्हा येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. जनुकतज्ज्ञांशी एकदा बोला आणि मग खुशाल निर्णय घ्या.

मी बालरोग विभागात उमेदवारी करत होते तेव्हा एक्स-रे आणि मोजपट्टी याखेरीज हातात काही नव्हतं. ‘का झालं’ असं आईने विचारलं की आम्ही खाली बघायचो. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या आणि पॅरिसच्या नेकेर रुग्णालयातल्या संशोधकांनी वेगवेगळं काम करून एकच उत्तर काढलं. एफजीएफआर३ जनुकावरून त्याच नावाचं प्रथिन बनतं, पेशीच्या पृष्ठभागावर बसणारं, बाहेरचा निरोप आत पोचवणारं. त्याच्या साखळीत ३८० व्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी अर्जिनिन हे दुसरं आलेलं होतं. जगभरच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत हाच एक बदल सापडतो. आजही मला याचं नवल वाटतं.

तेव्हा सहज वाटलं असतं की वाढीचा जनुक मोडला म्हणून वाढ थांबली. १९९६ मध्ये हार्वर्डमधल्या फिलिप लेडर यांच्या आणि सेंट लुइसमधल्या डेव्हिड ऑर्निट्झ यांच्या प्रयोगशाळांनी उंदरांतून हा जनुक काढूनच टाकला. उंदीर खुजे झाले नाहीत, उलट त्यांची हाडं आणि शेपट्या लांबल्या, पाठीचे कणे वाकले! म्हणजे हाडांची वाढ आवरती ठेवणं हेच या प्रथिनाचं काम. तुमच्या लेकीत ते मोडलेलं नाही, गरजेपेक्षा जास्त चालू आहे. दारावरच्या बेलचं बटण आत अडकून बसावं, तसं.

कर्करोगाशी नातं १९९९ मध्ये पुढे आलं. पॅरिसच्या क्युरी संस्थेत फ्रांस्वा रादव्हानी यांच्या गटाला मूत्राशयाच्या गाठींत हाच जनुक बदललेला दिसला. पण तो बदल जन्मापासून अंगभर नसतो, मोठेपणी मूत्राशयाच्या एखाद्या पेशीत होतो. तिथे सर्वांत जास्त सापडतो तो २४९ व्या जागचा बदल, तुमच्या मुलीतला नव्हे. आणि एवढ्या एका बदलावर कर्करोग होत नाही, इतरही बिघाड साठावे लागतात. त्या बिघाडांचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर काळजी त्याची करा.

आता ज्याकडे खरंच लक्ष हवं ते सांगते. मुलगी रात्री घोरते का, झोपेत श्वास अडखळतो का? चालताना पाय लटपटतात का, लवकर दमते का? कवटीच्या तळाशी मज्जारज्जू जिथून बाहेर पडतो ते छिद्र या मुलांत अरुंद असतं. धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, पण लक्षणं दिसली तर आजही एमआरआय आणि झोपेची तपासणी करून घ्या. कान वारंवार दुखतात किंवा वाहतात, तेव्हा ऐकू नीट येतं का ते तपासा, नाहीतर बोलणं मागे पडतं. वजन आटोक्यात ठेवा, कारण पाठीच्या मणक्यांना ते झेपत नाही. आणि तिची उंची अकॉन्ड्रोप्लेझियासाठीच्या वेगळ्या तक्त्यावर मोजायला सांगा. नेहमीच्या तक्त्यावर ती कायम नापासच दिसणार. बुद्धीला काही होत नाही. बालवाडीत घालायची राहिली असेल तर जूनमध्ये घाला. नळ आणि कडी तिच्या हाताला येईल असा एक भक्कम पाट आत्ताच करून घ्या.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. एफजीएफआर३चा तोच निरोप हाडात वाढ थांबवतो आणि गाठीत वाढवतो, हे कसं?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : योग्य ठिकाणी बोट ठेवलंस. बेल एकच, पण घरात कोण राहतं त्यावर पुढचं अवलंबून. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढपट्टीत कूर्चेच्या पेशी रांगेने विभागतात, फुगतात आणि त्यांची जागा हाड घेतं. तिथे एफजीएफआर३चा निरोप स्टॅट१ या प्रथिनामार्फत पी२१ हे विभाजन रोखणारं प्रथिन वाढवतो आणि पेशीविभाजन थांबतं. मॅप कायनेज या, पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या दुसऱ्या मार्गाने पेशींची पक्वताही रोखली जाते. मूत्राशयाच्या अस्तरात तोच मॅप कायनेज मार्ग पेशींना विभागायला लावतो. शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशींतही असंच होतं. ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅन गोरिएली आणि अँड्र्यू विल्की यांनी दाखवलं, की बदललेली पेशी शेजारणींपेक्षा किंचित जास्त वाढते आणि वर्षानुवर्षं वृषणात आपला गोतावळा पसरवते. असे शुक्राणू वयाबरोबर वाढतात असं वरच्या ताईंना सांगितलं, त्याचा उलगडा इथेच आहे.

औषधंही याच ज्ञानातून आली. अर्डाफिटिनिब हे एफजीएफआर रोखणारं औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. व्होसोरिटाइड हे रोजचं इंजेक्शन २०२१ मध्ये अकॉन्ड्रोप्लेझियासाठी आलं. ते एफजीएफआर३ला हात लावत नाही, मॅप कायनेज मार्ग पुढे राफ या प्रथिनापाशी दाबतं. १२१ मुलांवरच्या चाचणीत उंची वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर जास्त वाढली. इन्फिग्रॅटिनिब हेही एफजीएफआर रोखणारं, मुळात कर्करोगाचं औषध. कर्करोगात रोज १२५ मिलिग्रॅम देत, अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांच्या चाचणीत किलोमागे पाव मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला चार मिलिग्रॅमसुद्धा नाही! मला हे फार मोलाचं वाटतं. जीवशास्त्रात पुढे जायचं असेल तर हाच विषय घे.

प्रश्न : मुलगा एकोणीस वर्षांचा, उंची पाच फूट चार इंच. व्होसोरिटाइडचं इंजेक्शन त्याला चालेल का? की उंची वाढवणारी पावडर द्यावी?
— एक वडील, जळगाव

उत्तर : दोन्ही नको. इंजेक्शन वाढपट्टी उघडी असलेल्या अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांसाठी आहे. एकोणिसाव्या वर्षी मुलग्यांच्या पायांतल्या वाढपट्ट्या सहसा मिटलेल्या असतात, आणि मिटलेली पट्टी कुठल्याही पावडरीने उघडत नाही. पैसे त्याच्या शिक्षणाला लावा.